११,६०८ विरुद्ध ११,६०८: एका मताचं प्रकरण आणि घरी बसलेले मतदार

"माझ्या एका मताने काय फरक पडणार" असं कोणी म्हटलं की लगेच दुसरा कोणीतरी बरोबरीत सुटलेल्या निवडणुकीचं उदाहरण तोंडावर फेकतो, आणि पहिला गप्प बसतो. पटलं म्हणून गप्प बसतो असं नाही, उत्तर सुचत नाही म्हणून. अशा उदाहरणांमध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचं २०१७ चं प्रकरण फार लाडकं आहे. मला ते आवडतं ते वेगळ्या कारणासाठी. नीट खोलात गेलं की ते "प्रत्येक मत मोलाचं" वाल्यांच्याही विरोधात जातं आणि "मत देऊन काय उपयोग" वाल्यांच्याही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी काय घडलं ते.

व्हर्जिनियाच्या विधिमंडळातलं खालचं सभागृह म्हणजे हाउस ऑफ डेलिगेट्स. १०० जागा, मुदत दोन वर्षांची, आणि निवडणूक विषम सालांत, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या किंवा काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) निवडणुकीसोबत कधीच नाही. (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) २०१७ च्या आधी इथे रिपब्लिकन ६६ आणि डेमोक्रॅट ३४ असं एकतर्फी चित्र होतं. न्यूपोर्ट न्यूज या जहाजबांधणीच्या शहरातला ९४ नंबरचा मतदारसंघ रिपब्लिकन डेव्हिड यान्सी यांच्याकडे होता. समोर डेमोक्रॅट शेली सायमंड्स, शहराच्या स्कूल बोर्डावरच्या सदस्य. या दोघांची लढत २०१५ ला पण झाली होती आणि त्यात यान्सी मोठ्या फरकाने जिंकले होते, त्यामुळे २०१७ ला ही जागा डोळ्यात तेल घालून बघावी अशी सुरुवातीला कोणाला वाटलीच नव्हती.

७ नोव्हेंबर २०१७ ला मतदान झालं. अधिकृत निकालात यान्सी १० मतांनी पुढे. साडेतेवीस हजारांच्या वर मतांमध्ये दहाचा फरक, म्हणजे रिकाउंट मागणार हे उघडच होतं. १९ डिसेंबरला फेरमोजणी झाली आणि निकाल उलटला: सायमंड्स ११,६०८, यान्सी ११,६०७. एका मताने जागा डेमोक्रॅटांकडे, सभागृह ५०-५०, सतरा वर्षांचं रिपब्लिकन बहुमत गेलं, अशा बातम्या त्या रात्री लागल्या.

दुसऱ्या दिवशी हे सगळं पुन्हा फिरलं. फेरमोजणीत एक मतपत्रिका बाजूला ठेवली गेली होती, कारण मतदाराने यान्सी आणि सायमंड्स दोघांच्याही नावापुढचे गोल भरले होते. म्हणजे नियमाने बाद. पण त्याने सायमंड्सच्या गोलावर एक तिरकी रेघही मारलेली होती आणि त्याच पत्रिकेवर इतर पदांसाठी रिपब्लिकन उमेदवार निवडले होते. मोजणीला बसलेल्या एका रिपब्लिकन प्रतिनिधीने रात्रीतून विचार बदलून न्यायाधीशांना पत्र लिहिलं की हे मत यान्सींचं धरायला हवं होतं. तीन न्यायाधीशांनी ती पत्रिका बघितली, रेघ म्हणजे खोडलंय असा अर्थ लावला आणि मत यान्सींना दिलं. झाले ११,६०८ विरुद्ध ११,६०८.

बरोबरी झाली की व्हर्जिनियाच्या कायद्यात चिठ्ठी काढायची असं लिहिलंय. नाणेफेक नाही, पुन्हा मतदान नाही, चिठ्ठी. २७ डिसेंबरला काढायची होती पण सायमंड्स यांनी कोर्टाला फेरविचार करायला सांगितलं म्हणून पुढे गेली, कोर्टाने नकार दिला, आणि ४ जानेवारी २०१८ ला राज्य निवडणूक मंडळाने दोघांची नावं कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डब्यांत घालून ते डबे एका चिनी मातीच्या भांड्यात टाकले, टीव्हीचे कॅमेरे लावून. निघालं यान्सींचं नाव. सभागृह ५१-४९, रिपब्लिकनांकडेच. १० जानेवारीला, अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी, सायमंड्स यांनी हार मान्य केली.

इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात आणि शेवटी बोट उगारून म्हणतात, बघा, घरी बसलेल्यांपैकी एक जण जरी आला असता तर!

आता त्या "तर" कडे बघू. राज्यभरात त्या दिवशी नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ४७.६ टक्के लोकांनी मतदान केलं, म्हणजे अर्ध्याहून जास्त आलेच नाहीत, आणि या एका मतदारसंघातही न आलेले हजारोंच्या घरात असणार. त्यातला कोणीही एक आला असता तर निकाल लागला असता हे गणित म्हणून खरंच आहे. पण त्या न आलेल्या माणसाच्या बाजूने विचार करा. ७ नोव्हेंबरच्या सकाळी त्याला काय माहीत की बरोबरी होणारे? आणि एकच का येईल, चारशे आले असते तर? ते चारशे दोन्हीकडे वाटले जाऊन फरक पंचवीस-तीसचा झाला असता आणि पुन्हा कोणाचंच मत "निर्णायक" राहिलं नसतं. एवढंच कशाला, लिबर्टेरियन पक्षाच्या तिसऱ्या उमेदवाराला सहाशेच्या वर मतं पडली होती, त्या लोकांना कोणी म्हणत नाही की तुम्ही निकाल ठरवला असता. बरोबरी ही मागे वळून बघितल्यावर दिसणारी गोष्ट आहे, त्यावरून आधी घरी बसलेल्याला दोष देणं म्हणजे निकाल लागल्यावर लॉटरीचा नंबर सांगण्यातला प्रकार झाला.

मग गणितवाले बरोबर का? त्यांचं म्हणणं जुनं आहे. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्येच हे मांडलं की मत द्यायला वेळ लागतो, माहिती काढायला कष्ट पडतात, आणि तुमच्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता इतकी बारीक असते की हिशेबी माणसाने घरीच बसायला पाहिजे. पुढे रायकर आणि ऑर्डशुक यांनी १९६८ मध्ये त्यात कर्तव्याची भावना, आपण व्यवस्थेचा भाग आहोत याचं समाधान वगैरेची भर घातली, कारण नाहीतर इतके लोक मत देतातच का हे त्या सूत्रातून निघेना. मला हे थोडं पळवाटीसारखं वाटतं. गणित जुळेना म्हणून एक आकडा वाढवला.

शक्यता किती बारीक, याचे अंदाजही आहेत. मलिगन आणि हंटर या दोघांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या निवडणुकांचे ढीगभर निकाल तपासले. राज्यांच्या विधिमंडळाच्या निवडणुकांत दर १५,००० मतांमागे एक मत असं निघालं की जे बरोबरीतल्या किंवा एका मताने जिंकलेल्या उमेदवाराला पडलेलं होतं. काँग्रेसच्या निवडणुकांत हेच प्रमाण ८९,००० मतांमागे एक. आणि राष्ट्राध्यक्षाचं बघायचं तर गेलमन, सिल्व्हर आणि एडलिन यांनी २००८ च्या निवडणुकीसाठी काढलेला अंदाज असा की सरासरी अमेरिकन मतदाराचं मत निर्णायक ठरण्याची शक्यता ६ कोटींत एक, आणि ज्या मोजक्या राज्यांत ती सगळ्यात जास्त होती, त्यात व्हर्जिनिया पण होतं, तिथे साधारण १ कोटीत एक.

हे आकडे आता व्हर्जिनियाच्याच मतदानाच्या टक्क्यांशेजारी ठेवा. २०१६ ला, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक, सुमारे ७२ टक्के. २०१५ ला, फक्त राज्य विधिमंडळ आणि स्थानिक पदं, सुमारे २९ टक्के. म्हणजे जिथे एका मताची किंमत कोटींत एक तिथे लोक रांगा लावून येतात आणि जिथे ती हजारांत मोजता येते तिथे दहातले सात घरी! लोक जर खरंच हिशेब करून घरी बसत असते तर हे नेमकं उलटं दिसायला हवं होतं. माझ्यासाठी या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, चिठ्ठी आणि भांडं नाही. "एका मताने काय होतं" हे वाक्य लोक कारण म्हणून सांगतात खरं, पण बहुतेक वेळा ते कारण नसतं, आधीच न गेल्यावर जोडलेलं स्पष्टीकरण असतं.

मग खरी कारणं कुठली? व्हर्जिनियापुरतं बोलायचं तर २०१७ मधली बरीचशी डोळ्यांसमोर आहेत.

पहिलं म्हणजे वेळापत्रक. विषम सालातला मंगळवार, सुट्टी नाही, सकाळी ६ ते संध्याकाळी ७. लवकर मत द्यायचं किंवा टपालाने द्यायचं तर कायद्याने ठरवलेलं कारण लिहून द्यावं लागायचं, प्रवासात आहे, आजारी आहे, कामाचे तास जुळत नाहीत वगैरे, नुसतं "मला त्या दिवशी जमणार नाही" चालायचं नाही. नोंदणी मतदानाच्या २२ दिवस आधी बंद, आणि प्रचार तापतो तो शेवटच्या दोन आठवड्यांत, म्हणजे ज्याला उशिरा जाग आली त्याच्यासाठी दार आधीच लागलेलं. वर २०१४ पासून फोटो ओळखपत्राची सक्ती. यातली एकेक गोष्ट सुटी बघितली तर क्षुल्लक वाटते, "एवढं करता येत नाही का" असं म्हणणारे भेटतातच, पण ज्याची शिफ्ट पहाटे सुरू होते आणि मूल पाळणाघरातून सहाच्या आत आणायचं असतं त्याला या सगळ्याची बेरीज भरावी लागते.

दुसरं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं, चुरसच नसणं. २०१५ मध्ये व्हर्जिनियात कितीतरी मतदारसंघांत एकाच मोठ्या पक्षाचा उमेदवार होता. समोर कोणी नाहीच तर जाऊन करायचं काय? त्यात मतदारसंघांच्या सीमा अशा आखलेल्या की निकाल आधीच माहीत. २०१८ च्या जूनमध्ये फेडरल कोर्टाने यातले ११ मतदारसंघ वांशिक आधारावर आखलेत म्हणून घटनाबाह्य ठरवले. अशा ठिकाणचा मतदार जेव्हा म्हणतो "माझ्या मताने काही होत नाही" तेव्हा तो आळशी नसतो, तो बरोबर असतो! त्याच्यावर संस्कारांचा अभाव वगैरे लादणारे लेख वाचले की मला वैताग येतो.

तिसरा गट तर मतदान टाळणाऱ्यांत मोजलाच जाऊ नये. व्हर्जिनियाच्या घटनेप्रमाणे गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचा मताधिकार कायमचा जातो, गव्हर्नरने परत दिला तरच मिळतो. गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी एप्रिल २०१६ मध्ये एका आदेशाने शिक्षा भोगून झालेल्या सुमारे २,०६,००० लोकांना तो एकदम परत दिला, जुलैमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सरसकट आदेश रद्द केला, मग त्यांनी एकेकाच्या नावाने पत्रं काढून परत द्यायला सुरुवात केली. यातले किती जण २०१७ ला मत द्यायला गेले असतील आणि किती जणांना आपल्याला परवानगी आहे की नाही हेच कळलं नसेल? बाहेरून बघताना दोघंही सारखेच दिसतात, घरी बसलेले.

आणि मग उरतात ते लोक ज्यांना काहीच अडचण नव्हती, फक्त कोणी विचारलं नाही. याबद्दल मिशिगनमधला एक प्रयोग फार बोलका आहे, ऑगस्ट २००६ च्या प्राथमिक (पक्षांचे उमेदवार ठरवायच्या) निवडणुकीच्या वेळचा, गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर यांनी केलेला. तिथे कोणी मत दिलं आणि कोणी नाही ही नोंद सार्वजनिक असते, अर्थात कोणाला दिलं ते नाही. काही घरांना त्यांनी पत्र पाठवलं ज्यात त्या घरातल्या आणि शेजाऱ्यांच्या नावापुढे मागच्या वेळी मत दिलं की नाही ते छापलेलं होतं, आणि निवडणूक झाल्यावर सुधारित यादी परत पाठवू असं लिहिलेलं. ज्यांना काहीच पत्र गेलं नाही त्यांच्यात मतदान २९.७ टक्के, शेजाऱ्यांची यादी मिळालेल्यांत ३७.८. एका पत्राने आठ टक्क्यांची उडी. त्या पत्राने त्यांच्या मताची किंमत वाढली नव्हती, शक्यता तीच, उमेदवार तेच. फक्त कोणीतरी बघतंय हे कळलं. पद्धत मला अजिबात आवडत नाही, खासगी गोष्टीत नाक खुपसल्यासारखं आहे ते, पण त्यातून कळतं ते नाकारता येत नाही.

२०१७ ला व्हर्जिनियात हेच झालं, जरा सभ्य पद्धतीने. डेमोक्रॅट पक्षाने आधी सोडून दिलेल्या कितीतरी जागी उमेदवार उभे केले, कार्यकर्ते दारोदार फिरले, आणि मतदान २०१३ च्या, म्हणजे आधीच्या गव्हर्नरच्या निवडणुकीच्या, सुमारे ४३ टक्क्यांवरून ४७.६ वर गेलं. एकाच दिवसात १५ जागा फिरल्या, ६६-३४ चं ५१-४९ झालं.

आता परत चिठ्ठीकडे, कारण तिच्यानंतर जे झालं ते सांगणारे फार कमी.

त्या वेळी राज्यातला मोठा वाद होता मेडिकेडचा. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या या सरकारी आरोग्य योजनेची व्याप्ती वाढवायची की नाही. मॅकऑलिफ २०१४ पासून प्रयत्न करत होते आणि रिपब्लिकन विधिमंडळ दरवर्षी अडवत होतं. सायमंड्स जिंकल्या असत्या तर ५०-५० झालं असतं आणि मग मेडिकेड, असं सगळे धरून चालले होते, त्यामुळे चिठ्ठी यान्सींची निघाल्यावर "झालं, मेडिकेड गेलं" असंच वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात? ३० मे २०१८ ला त्याच सभागृहात, जिथे रिपब्लिकनांचं बहुमत होतं, मेडिकेडचा विस्तार ६७ विरुद्ध ३१ मतांनी पास झाला. कामाची अट वगैरे घालून, पण झाला. राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, २३-१७. नवे गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी जूनमध्ये सही केली आणि १ जानेवारी २०१९ पासून सुमारे ४ लाख लोकांसाठी दार उघडलं.

हे का झालं? जे रिपब्लिकन आमदार वाचले होते त्यांनी १५ सहकाऱ्यांना पडताना बघितलं होतं. पुढच्या वेळी आपला नंबर, हे कळायला त्यांना कोणाच्या भाषणाची गरज नव्हती. म्हणजे ९४ नंबरमधली सायमंड्स यांची ती ११,६०८ मतं तांत्रिकदृष्ट्या हरली, चिठ्ठीत वाया गेली, आणि तरी ज्या कामासाठी त्यातल्या अनेकांनी ती दिली असतील ते काम झालं. इतर मतदारसंघांत पाच-सहा टक्क्यांनी हरलेल्या उमेदवारांची मतं सुद्धा त्या दबावात होतीच. मताचं काम फक्त "मी नसतो तर निकाल बदलला असता का" या एका प्रश्नाने मोजलं की हा सगळा भाग हिशेबातून गळतो. आमदाराला निकालपत्रात आपला फरक दिसतो, कुठल्या वस्तीतून किती लोक बाहेर पडले ते दिसतं, आणि जी वस्ती बाहेर पडत नाही तिच्याकडे बघायची त्याला गरज वाटत नाही. घरी बसण्याचा तोटा एका मताचा नसतोच, तुमच्यासारख्या माणसांचा गठ्ठा त्याच्या यादीतून उडतो, हा असतो.

अर्थात याला दुसरी बाजू आहे, आणि ती सोडून पुढे गेलो तर लबाडी होईल. ठरवून मत न देणारेही असतात, दोन्ही उमेदवार नालायक वाटतात म्हणून. पण व्हर्जिनियाच्या मतमोजणीत रागाने न आलेला आणि विसरून न आलेला यांत काही फरक करता येत नाही, दोघांचीही नोंद एकच. निषेध करायचाय तर तो कुठेतरी मोजला जायला हवा ना? सोशल मीडियावरच्या एखाद्या तावातावाच्या पोस्टपेक्षा लिबर्टेरियनला पडलेली सहाशे मतं जास्त दिसली, निदान आज मी ती इथे लिहितोय.

शिवाय त्या निवडणुकीत गेलेल्यांपैकी सगळ्यांचं मत धड पोचलं असंही नाही. त्याच दिवशी फ्रेडरिक्सबर्गजवळच्या २८ नंबर मतदारसंघात १४७ मतदारांना चुकीच्या मतदारसंघाची पत्रिका दिली गेली, आणि तिथला अंतिम फरक होता ७३ मतांचा. कोर्टात गेले, पुन्हा मतदान झालं नाही. चिठ्ठीच्या गडबडीत या १४७ लोकांची गोष्ट जवळपास विसरली गेली. "प्रत्येक मत मोलाचं" म्हणणाऱ्यांनी सगळ्यात आधी यांच्यासाठी आरडाओरडा करायला हवा होता असं मला वाटतं, कारण हे तर आपलं काम करून आले होते.

पुढचं थोडक्यात. कोर्टाने सीमा बदलायला लावल्या, नव्या नकाशात ९४ नंबर सायमंड्स यांना जास्त अनुकूल झाला आणि २०१९ ला त्यांनी यान्सींना आरामात हरवलं. सभागृह डेमोक्रॅटांकडे गेलं, ५५-४५. २०२० मध्ये त्यांनी मतदानाचे नियम भराभर बदलले: मतदानाच्या ४५ दिवस आधीपासून कारण न देता मत द्यायची सोय, फोटो ओळखपत्राची सक्ती काढली, मतदानाचा दिवस राज्याची सुट्टी केला, आणि मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येईल असा कायदा केला जो २०२२ पासून लागू झाला.

याचा परिणाम? २०२१ ला, पुन्हा विषम साल, पुन्हा गव्हर्नरची निवडणूक, सुमारे ५५ टक्के मतदान झालं, २०१७ च्या ४७.६ वरून. यात सोप्या नियमांचा वाटा किती आणि चुरशीचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे, माझा कल दोन्ही धरण्याकडे आहे. पण जास्त लोक आले की आपलंच भलं होणार असं ज्यांनी हे कायदे करताना मनात धरलं असेल त्यांची पंचाईत झाली. गव्हर्नर रिपब्लिकन ग्लेन यंगकिन झाले, सभागृहही ५२-४८ ने रिपब्लिकनांकडे परत गेलं, आणि त्यांना निवडून आणणाऱ्यांत कितीतरी जण डेमोक्रॅटांनीच उघडलेल्या दारातून ४५ दिवसांत केव्हातरी येऊन मत देऊन गेलेले होते.